बेल्टचा दंड कापण्याआधी त्या सीटवर एकदा बसून बघा : ट्रकमालकांना खुलं पत्र

सर्व ट्रकमालक, ट्रान्सपोर्टर आणि गाड्यांचा हिशेब बघणारी सुपरवायझर मंडळी यांना,

स. न. वि. वि.

काही महिन्यांपूर्वी निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत एका मालकांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "तुम्ही बावीस वर्षं स्टेअरिंग मारलंय, पोरं तुमचं ऐकतील. बेल्ट लावत नाहीत साले. जरा लेक्चर द्या." म्हटलं, लेक्चर नंतर, आधी गाडी दाखवा.

चौदाचाकी होती. पायदानावर चढून दार उघडलं तर सीटवर चौघडी घातलेली चादर, पाठीमागे उशी, त्यावर लाकडी मण्यांचं कव्हर. बेल्ट सीटच्या मागे कोंबून ठेवलेला. बकलमध्ये मात्र पट्टी अडकवलेली, कुठल्यातरी भंगारातल्या बेल्टची कापून आणलेली, म्हणजे बेल्ट न लावल्याची बीप बंद. सीट पुढेमागे करायची खालची दांडी मी ओढली, हलेना. बॅटरी लावून बघितलं तर रुळांत सिमेंटची भुकटी, गुटख्याच्या पुड्या, एक सेल आणि दोन रुपयांचं नाणं. सीट मागेच अडकलेली. आधीचा ड्रायव्हर सहा फुटी होता. आताचा पोरगा बीड जिल्ह्यातला, उंची पाच फूट तीन इंच असेल. क्लचला पाय पुरेना म्हणून त्यानं पाठीमागे उशी घातली. उशीनं पुढे आला, पण बूड खोलात गेल्यानं काचेपुढचं दिसेना, म्हणून खाली चादर घातली. चादरीनं उंच झाला तसा बेल्ट मानेवरून जायला लागला. मग बेल्ट काढून ठेवला.

मी मालकांना वर चढवलं आणि त्या चादरीवर बसवलं. दहा मिनिटांत ते खाली उतरले, कंबर धरून.

म्हणून हे पत्र ड्रायव्हरांना लिहीत नाही, तुम्हाला लिहितोय. बेल्ट हा सीटचा शेवटचा भाग आहे. सीट नीट नसेल तर बेल्ट नीट बसूच शकत नाही. आणि सीट ड्रायव्हरच्या मालकीची नाही.

तुमच्या ऑफिसात एक वाक्य फार ऐकलंय : "कंपनीनं दिलेली सीट आहे की, आणखी काय करायचं?" करायचं एवढंच, की ती ज्या माणसाच्या बुडाखाली आहे त्याच्या मापाची करून द्यायची. त्या दिवशी आम्ही काय केलं ते सांगतो. आधी रुळांवर डिझेल मारून ठेवलं, तारेनं घाण काढली, अर्ध्या तासानं दांडी सुटली. सीटच्या पुढच्या बाजूला खाली एक गोल मूठ होती, शेजारी किलोचे आकडे. ती कशासाठी असते हे त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटायचं, ती तुटलेली आहे. आकडा 120 च्या आसपास होता. पोरगा भरून साठ किलोचा. म्हणजे खालची स्प्रिंग त्याच्यासाठी दगड. खड्ड्यात चाक गेलं की सीट दबायचीच नाही, दणका थेट मणक्यात. उलटंही होतं. जड माणूस आणि मूठ हलक्या वजनावर असेल तर सीट प्रत्येक गचक्याला तळाला आपटते. मूठ फिरवून साठवर आणली. पोरगा बसला, जरा वरखाली झाला आणि हसला. "काका, ही हलते."

वजन आधी लावायचं, कारण त्यानं उंची बदलते. मग बूड मागे, पाठीला अगदी टेकवून, उशीबिशी नाही. क्लच जमिनीपर्यंत दाबला तरी गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. पाय सरळ ताठ झाला तर सीट लांब आहे. गुडघ्याची मागची बाजू गादीच्या कडेवर दाबली जाऊ नये, दोन-तीन बोटं जावीत एवढी फट हवी. पाठ काटकोनापेक्षा जराशी मागे. काही ड्रायव्हर आरामखुर्चीसारखे मागे रेलतात. ते दिसायला रुबाबदार, पण खांदे सीट सोडतात आणि बेल्ट छातीपासून सुटतो. पाठ टेकलेली ठेवून हात लांब केला तर मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर पडावं. छाती आणि स्टेअरिंग यांत वीत-सव्वावीत जागा. हे सगळं झाल्यावर आरसे, कारण सीट हलली की आरशात दिसतं ते बदलतं. डावीकडचा आरसा तर हमखास. आणि सगळ्यात शेवटी बेल्ट.

खालचा पट्टा कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही. आपल्या धंद्यात पोट सुटलेलं असतं हे मान्य, पट्टा पोटाच्या खाली सारायचा. वरचा पट्टा खांद्याच्या मधून, गळपट्टीच्या हाडावरून आणि छातीच्या मधोमध. काखेखालून घेतात काही जण. त्यात बरगड्या तुटतात आणि माणूस पट्ट्यावरून पुढे वाकतो. पीळ पडलेला नको. खिशातला मोबाईल, पेन, चष्म्याची डबी पट्ट्याखाली नको. लावल्यावर वरचा भाग एकदा ओढून ढील काढायची. त्या पोराला हे सगळं जमायला वीस मिनिटं लागली. सवय झाली की दोन मिनिटं पुरतात. म्हणाला, "आता गळ्याला घासत नाही." एवढंच. त्याची लेक्चरची गरज तिथंच संपली.

आता ड्रायव्हर बेल्टला शिव्या का घालतात, त्याचं एक कारण मी तुम्हाला सांगतो, कारण ते तुम्हाला तुमच्या कारमध्ये कधीच कळणार नाही. कारची सीट खाली घट्ट बोल्टवर असते. ट्रकची चांगली सीट वरखाली होते, त्यासाठीच ती असते. बेल्टचं वरचं टोक मात्र बऱ्याच गाड्यांत केबिनच्या खांबाला असतं. सीट खाली गेली की पट्टा ढिला पडतो, गुंडाळी, म्हणजे पट्टा आत गुंडाळून ठेवणारी डबी, तो आत ओढून घेते. सीट वर आली तर गुंडाळी परत सोडेलच असं नाही. गचका जोरात बसला तर ती अडकते. असे शंभर गचके झाले की पट्टा इंचाइंचानं आवळत जातो. खराब रस्त्यावर वीस किलोमीटर झाले की वाटतं कुणीतरी मागून धरून ठेवलंय. मी स्वतः कितीदा तरी चालत्या गाडीत बकल सोडलंय. पाप केलं, पण का केलं ते सांगतोय.

याला उपाय आहेत. ज्या सीटमध्ये बेल्टची तिन्ही टोकं सीटलाच असतात, तिथं बेल्ट माणसाबरोबर वरखाली होतो, आवळत नाही. नवी गाडी घेताना किंवा सीट बदलताना हे विचारा. डीलर गाडीचं मायलेज, फायनान्स, हप्ता सगळं सांगतो; सीटचं विचारलं की गोंधळतो, कारण कुणी विचारतच नाही. जुन्या गाडीत निदान वजनाची मूठ बरोबर ठेवा. सीट कमी उड्या मारेल, बेल्ट कमी आवळेल. खांबावर वरचं टोक सरकवायची सोय असेल तर ती वापरा. बहुतेक ठिकाणी ती कारखान्यातून आली त्याच जागी गंजलेली असते.

स्थानिक बॉडी बिल्डरकडे बांधलेल्या केबिनबद्दल एक शब्द. पत्र्याला नाहीतर लाकडी फळीला दोन स्क्रू मारून बेल्ट बसवलेला मी पाहिलाय. पासिंगला गेला की दिसतो, बस. बेल्ट जिथं अडकवलाय ती जागा जेवढी मजबूत, तेवढाच बेल्ट मजबूत. असा बेल्ट लावण्यात आणि गळ्यात उपरणं घेण्यात काही फरक नाही.

दुसरं कारण मनातलं आहे. ते माझ्या उस्तादाकडून माझ्याकडे आलं होतं. उस्ताद म्हणायचे, "ब्रेक गेले तर उडी मार. गाडी मालकाची, जीव आपला." 1997 साली कसारा घाटात उतरताना ब्रेक गेले, मी क्लीनर साइडला. त्यांनी गिअर खाली घ्यायचा प्रयत्न केला, पडला नाही, दार उघडलं आणि उडी मारली. त्यांच्याच गाडीचं मागचं चाक त्यांच्यावरून गेलं. गाडी डोंगराच्या बाजूला घासत घासत पुढे जाऊन उभी राहिली. मी केबिनमध्ये होतो. पुढची काचसुद्धा फुटली नव्हती. त्या गाडीत बेल्ट नव्हतेच, त्यामुळे बेल्टनं ते वाचले असते असं मी म्हणत नाही. पण 'बाहेर सुटका आहे' हा समज किती खोल असतो ते सांगतोय. आजही पोरं म्हणतात, काका, गाडी पेटली तर? पाण्यात गेली तर? अरे, आगीतून बाहेर पडायला आधी शुद्धीवर राहावं लागतं. डोकं काचेवर आपटून बेशुद्ध झालेला माणूस बकल नसलं तरी बाहेर येत नाही.

गंमत बघा. आज आपण वापरतो तो तीन टोकांचा बेल्ट निल्स बोहलिन नावाच्या स्वीडिश इंजिनिअरनं व्होल्वोमध्ये 1959 साली आणला. त्याच्या आधी तो विमानाच्या कंपनीत, संकटात वैमानिकाला सीटसकट विमानाबाहेर फेकणाऱ्या सीटा बनवत होता. माणसाला बाहेर कधी काढायचं हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्यानंच गाडीत माणसाला आत धरून ठेवलं.

वेगाचा हिशेब ड्रायव्हरांना मी असा सांगतो. ताशी चाळीसनं गाडी भिंतीसारख्या कशावर थडकली, तर बेल्ट नसलेला माणूस ज्या जोरानं पुढे जातो तो साधारण सहा मीटरवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा. साठ असेल तर चौदा मीटर, चौथा-पाचवा मजला. आपल्याकडच्या ट्रकला पुढे नाकही नसतं, काचेपुढे पत्रा आणि मग थेट समोरच्याची ट्रॉली. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून थांबवेन म्हणणाऱ्यानं चौथ्या मजल्यावरून उडी मारून हातावर उतरून दाखवावं. पोरं हसतात. पण पुढचे दोन दिवस लावतात.

4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री कारच्या अपघातात गेले. मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता. त्यानंतर कितीतरी दिवस कारच्या मागच्या सीटचा बेल्ट हाच विषय होता, टीव्हीवर, पेपरात, पानाच्या टपरीवर. त्याच मुंबई-अहमदाबाद रस्त्यावरून त्या दिवशीही रांगेनं ट्रक चालले होते. त्यांच्या केबिनमध्ये काय होतं, हे कुणी विचारलं नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात 2022 सालचा आकडा आहे : सगळ्या प्रकारच्या गाड्या धरून, बेल्ट न लावल्यामुळे देशभर 16,715 माणसं गेली, त्यात 8,384 चालक. घरी बायको चार दिवस फोनची वाट बघते, ती या आकड्यात आहे की नाही, हे आकड्यावरून कळत नाही.

केबिनमधल्या दुसऱ्या माणसाचंही बघा. क्लीनर इंजिनच्या कव्हरवर मांडी घालून बसलेला, दुसरा ड्रायव्हर मागच्या बर्थवर झोपलेला. गाडी थडकली की मागचा पुढच्याच्या पाठीवर येतो, बेल्ट लावलेल्या ड्रायव्हरच्यासुद्धा. आणि स्टोव्ह, छोटा सिलिंडर, पाण्याचा कॅन, जॅकचा दांडा! हे सगळं सुटं केबिनमध्ये. मी बिल्टी, म्हणजे मालाची पावती, ठेवायच्या खणात गुळगुळीत गोल दगड पाहिलाय, गाडी घसरू नये म्हणून चाकाला लावायचा. दगड.

आता दंडाचं. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं आलेलं कलम 194 ब बेल्टसाठी एक हजाराचा दंड सांगतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 138 (3) ड्रायव्हरनं आणि पुढच्या सीटवरच्यानं बेल्ट लावलाच पाहिजे म्हणतो. बरोबर आहे. पण ई-चलन येतं गाडीच्या नंबरवर, म्हणजे तुमच्या मोबाईलवर. आणि तुम्ही ते कापता ड्रायव्हरच्या हिशेबातून. सीटचे रूळ अडकलेले, बेल्टची गुंडाळी सिमेंटनं भरलेली, आणि हजार रुपये कुणाचे? त्या पोराच्या भत्त्यातले. तो मग काय करतो? शंभर-दोनशेत मिळणारी बीप बंद करायची क्लिप घेतो, कॅमेऱ्याच्या आधी पट्टा छातीवर टाकतो, कॅमेरा गेला की सोडतो. त्या क्लिपा एवढ्या खपायच्या की 2023 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन दुकानांना त्या काढून टाकायला लावल्या, 13,118 जाहिराती उतरल्या. एवढी डोकी बीप बंद करायला लागली, यावरून बेल्टबद्दल काहीतरी कळायला हवं होतं.

त्या निगडीच्या मालकांना मी म्हटलं, दंड कापा, पण एका अटीवर : आधी तुमच्या मेकॅनिकनं लिहून द्यायचं की या गाडीची सीट चारही बाजूंनी हलते, बेल्ट पूर्ण बाहेर येतो, पूर्ण आत जातो आणि झटका दिला की अडकतो. ते गप्प बसले. मग म्हणाले, "मेकॅनिकला तेवढा वेळ कुठे?" ऑइल बदलायला वेळ आहे, ग्रीसिंगला आहे. त्याच दिवशी सीटच्या रुळांना ग्रीस मारायला किती वेळ लागतो?

बेल्टचं म्हणाल तर तो साबणाच्या कोमट पाण्यानं पुसायचा. डिझेल, थिनर, अॅसिड लावलं की धागा कमजोर होतो, आणि आमच्याकडे सगळं डिझेलनंच धुतात. कडा उसवलेल्या, कुठं सिगारेटनं जळलेलं, तर बदला. ज्या गाडीला मोठा अपघात झालाय तिचा बेल्ट परत वापरू नका. तो एकदाच ताणला जाण्यासाठी असतो. केबिन दुसऱ्या गाडीवर चढवून विकतात तेव्हा तो तसाच जातो.

गाडी बदली ड्रायव्हरच्या हातात देताना पंधरा मिनिटं द्या. एवढंच मागणं आहे खरं म्हणजे. आपल्याकडे चावी हातात पडते तेव्हा गाडी आधीच लोड होऊन उभी असते, सुपरवायझर घड्याळ बघत असतो, आणि वाशीला माल सकाळी सहाच्या आत पोहोचायचा असतो. मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 चा, दिवसाला आठ तास म्हणायचा; 2025 साली त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. ते आठ तास आपल्या रस्त्यावर कुणी पाळत नाही, तुम्हीही नाही, मीही कधी पाळले नाहीत. पण जो माणूस बारा-चौदा तास त्या गादीवर बसणार आहे, त्याला ती गादी स्वतःच्या मापाची करायला पंधरा मिनिटंही मिळत नाहीत, हे तुम्हाला खटकत नाही का? मणक्याला सेकंदाला चार ते सहा हेलकावे सगळ्यात जास्त बाधतात, असं तज्ज्ञ सांगतात. रिकामा ट्रक खराब रस्त्यावर जवळपास त्याच तालात हलतो. पन्नाशीतला एकही जुना ड्रायव्हर मला असा भेटला नाही जो खाली वाकून सहज चप्पल उचलतो. मीही खुर्ची धरून उचलतो.

1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. चांगलं झालं. मे महिन्यात मराठवाड्यात घामानं भिजलेल्या बनियनवर बेल्ट चिकटतो, पुरळ येतं, हे नाटक नसतं. एसीमुळे काच वर राहील, उजवं कोपर खिडकीत टाकून तिरकं बसायची सवयही जाईल. तिरक्या माणसाला बेल्ट कधीच बसत नाही. पण एसी डिझेल खातो म्हणून एसी फिरवणारा इंजिनवरचा पट्टा काढून ठेवणारे मालक निघतील, हे मी आत्ताच लिहून ठेवतो.

त्या पोराबद्दल सांगायचं राहिलं. आठ दिवसांनी त्याचा फोन आला, सोलापूरकडून. म्हणाला, सीट मस्त आहे, पण गाडी दुसऱ्याला दिली. मला दुसरी दिली आहे, तिची दांडी तुटलेली आहे, काय करू?

मालक, तो प्रश्न माझा नाही. त्याला तुमचा नंबर दिला आहे.

आपला,
बावीस वर्षं केबिनमध्ये काढलेला एक जुना ड्रायव्हर

ता. क. : रूळ गंजलेले असतील तर हातोडी मारू नका, दात मोडतात. रात्री डिझेल टाकून ठेवायचं, सकाळी दांडी ओढून धरायची आणि दुसऱ्या माणसानं सीटला खालून ढकलायचं. एकट्यानं होत नाही.